बॅकअप सर्व्हर आणि रिफर्बिश्ड ड्राइव्ह: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

बॅकअप सर्व्हरचा आराखडा आज पक्का केला. मशीन आहे तेच वापरायचं: बारा स्लॉटचा रॅक सर्व्हर, ड्राइव्ह पुढून घालता-काढता येतात, आत साधं एचबीए कार्ड (ड्राइव्ह थेट मशीनला जोडणारं), रेड कंट्रोलर (अनेक ड्राइव्ह मिळून एकच असल्यासारखे चालवणारं कार्ड) नाही. हे मुद्दाम. रेड कंट्रोलर ड्राइव्हना स्वतःच्या मागे ठेवतो, मग प्रत्येकाची तब्येत थेट विचारता येत नाही, आडवाट काढावी लागते. आणि या कामात तब्येत विचारणं हाच निम्मा प्रकल्प आहे.

हार्ड ड्राइव्ह रिफर्बिश्ड (वापरून झालेले, तपासून पुन्हा विकलेले) एंटरप्राइझ (डेटा सेंटरच्या वर्गातले) घ्यायचे: ८ टीबी, साडेतीन इंची, ७,२०० आरपीएम, एसएएस (सर्व्हरमधल्या ड्राइव्हची जोडणी). साठवायचा डेटा आज २४ टीबीच्या आसपास आहे, वाढीला जागा हवी. या वर्गातले ड्राइव्ह मुळात चोवीस तास चालण्यासाठी बनवलेले असतात. वर्षाला ५५० टीबी वाचन-लेखन सोसायचं, कंपनीची हमी पाच वर्षांची, आणि न वाचता येणाऱ्या सेक्टरचं (ड्राइव्हवरच्या साठवणीच्या लहान तुकड्याचं) प्रमाण कागदावर १२५ टीबी वाचनामागे एक. साध्या डेस्कटॉप ड्राइव्हला हाच आकडा १२.५ टीबी असतो. मोठी डेटा सेंटर हमी संपत आली किंवा जास्त क्षमतेचे ड्राइव्ह आले की चालू स्थितीतले ड्राइव्हसुद्धा बदलतात, म्हणून हा माल बाजारात येतो.

माहितीपत्रकावर २० लाख तास एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ड्राइव्ह दोनशे वर्षं चालेल असा नाही. वर्षाचे ८,७६० तास भागिले २० लाख म्हणजे साधारण ०.४४ टक्के: शंभर ड्राइव्ह वर्षभर चालवले तर त्यांतला अर्धाही बंद पडू नये. पण हा हिशेब ड्राइव्हच्या ठरलेल्या आयुष्यापुरता. पाच वर्षं झालेल्या ड्राइव्हबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही, आणि आपण नेमके तेच ड्राइव्ह घेतोय. त्यामुळे आपली तपासणी आपणच करायची.

दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून दोन लॉट मागवले. लॉट अ मध्ये ९ ड्राइव्ह, एका मोठ्या स्टोरेज युनिटमधून काढून विक्रेत्याने तपासलेले. लॉट ब मध्ये ६, खुद्द उत्पादक कंपनीने पुन्हा प्रमाणित केलेले. 'रिफर्बिश्ड' या एकाच शब्दाखाली हे दोन्ही प्रकार विकले जातात, पण फरक मोठा आहे. पहिल्यात बहुतेक वेळा डेटा पुसून एक टेस्ट लावलेली असते. दुसऱ्यात ड्राइव्ह कारखान्याच्या टेस्टमधून पुन्हा गेलेला असतो, लेबल नवं लागतं आणि तासांचं मीटर शून्यावर आणलेलं असतं.

१० नोव्हेंबर

दोन्ही लॉट आले. लॉट ब चं पॅकिंग उत्तम: प्रत्येक ड्राइव्ह अँटिस्टॅटिक पिशवीत, फोमच्या वेगवेगळ्या खाचेत. लॉट अ मध्ये पिशव्या होत्या, पण ड्राइव्ह एकमेकांना टेकलेले, मध्ये नुसता बबल रॅप.

अ-४ चा एक कोपरा आत दबलेला आहे. ओतीव चौकटीची धार चेपली आहे आणि त्याच बाजूच्या स्क्रूच्या भोकाचे आटे तिरके झालेत. त्याला करंट द्यायचाच नाही असं ठरवलं. चौकट वाकण्याइतका मार बसला असेल तर आत हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) आणि प्लॅटर (फिरणारी तबकडी) यांच्यात काय झालं असेल ते बाहेरून दिसत नाही, आणि चालू करून बघण्यात नुकसान वाढवण्याखेरीज काही मिळणार नाही. फोटो काढून विक्रेत्याला पाठवले.

बाकीच्यांचे कनेक्टर भिंगाखाली बघितले. साटाच्या (साध्या संगणकांतली जोडणी) ड्राइव्हवर डेटा आणि पॉवरच्या पट्ट्यांमध्ये खाच असते. एसएएसमध्ये ती खाच भरलेली असते आणि त्या भरावाच्या मागच्या अंगाला दुसऱ्या पोर्टचे सात बारीक संपर्क असतात. म्हणूनच एसएएस ड्राइव्ह साटाच्या केबलमध्ये बसत नाही, उलट साटाचा ड्राइव्ह एसएएसच्या जागी बसतो आणि चालतोही. लॉट अ च्या पट्ट्यांवर ड्राइव्ह घालण्या-काढण्याच्या रेघा आहेत, पण सोनेरी मुलामा कुठे उडालेला नाही.

प्रत्येक ड्राइव्हला मार्करने नंबर दिला, सिरीयल नंबर आणि लेबलवरची उत्पादनाची तारीख तक्त्यात चढवली. पेट्या थंड होत्या, म्हणून आज काही चालू केलं नाही.

११ नोव्हेंबर

बारा ड्राइव्ह सर्व्हरमध्ये घातले, ब-५ आणि ब-६ टेबलावरच्या टेस्ट मशीनला जोडले.

टेबलावरचे दोन्ही फिरेनात. आवाज नाही, थरथर नाही. हे पॉवर डिसेबलचं काम. नव्या एसएएस आणि साटा मानकांत पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेला वेगळं काम दिलंय: तिथे ३.३ व्होल्ट मिळाले की ड्राइव्ह बंद राहतो, म्हणजे अडकलेला ड्राइव्ह दूरवरून बंद-चालू करता येतो. जुन्या पॉवर सप्लायच्या साटा केबलमध्ये त्या पिनेवर ३.३ व्होल्ट कायम असतात, त्यामुळे ड्राइव्ह मेल्यासारखा पडून राहतो. चार पिनांच्या मोलेक्सवरून पॉवर घेणारी केबल लावली (मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तार नसतेच), दोन्ही लगेच फिरले. असे कितीतरी चांगले ड्राइव्ह 'डेड' म्हणून परत जात असतील.

सर्व्हरमध्ये लॉट ब चे चारही नीट दिसले. लॉट अ चे आठही ड्राइव्ह यादीत आले, पण क्षमता शून्य. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये प्रत्येकापुढे तीच ओळ: सेक्टरचा आकार ५२०, चालत नाही.

हे अपेक्षित होतं. मोठ्या स्टोरेज युनिटमध्ये दर ५१२ बाइट डेटामागे ८ बाइट जास्तीचे ठेवतात. त्यांत चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, म्हणजे वाटेत एखादा बिट उलटला तर युनिटला कळतं. लिनक्सला हा आकार चालत नाही. ड्राइव्ह बिघडलेला नाही, फक्त वेगळ्या मापाने आखलेला आहे. त्याला ५१२ च्या मापाने पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, आणि हे फॉरमॅट म्हणजे फाइल सिस्टिम टाकणं नव्हे. ड्राइव्हचा सगळा पृष्ठभाग नव्याने आखला जातो.

फॉरमॅटला हात लावण्याआधी आजचं खरं काम केलं: आहे त्या स्थितीत सगळ्यांचे आकडे उतरवून घेतले. क्षमता शून्य दाखवणारा ड्राइव्हसुद्धा स्मार्टसीटीएलला (ड्राइव्हची तब्येत विचारणाऱ्या प्रोग्रॅमला) उत्तर देतो. एसएएस ड्राइव्हचा अहवाल साटासारखा नसतो, त्यात पाच नंबरचं, एकशे सत्त्याण्णव नंबरचं असे गुणधर्म नसतात. बघायचे रकाने वेगळे: एकूण चालू तास, किती वेळा सुरू-बंद झाला, वाढीव दोषांची यादी, आणि वाचन, लेखन, पडताळणी यांच्या चुकांचा तक्ता.

लॉट अ चे तास ३९,००० ते ४२,००० च्या दरम्यान, म्हणजे साडेचार-पावणेपाच वर्षं. सुरू-बंद सगळ्यांचं पन्नासच्या आत. हे मला आवडलं. एकाच जागी, एकाच तापमानात सतत फिरत राहिलेला ड्राइव्ह रोज बंद-चालू होणाऱ्यापेक्षा सुखात असतो. एकूण वाचन-लेखन वर्षाला अडीचशे टीबीच्या आसपास पडतं, ५५० च्या बरंच खाली.

चुकांच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात कोट्यवधींचे आकडे दिसतात. ते बघून घाबरायचं कारण नाही. आजच्या घनतेवर जवळजवळ प्रत्येक वाचनात काही ना काही दुरुस्ती होतेच, ती जागच्या जागी होते आणि वेळ जात नाही. बघायचं ते उशिरा झालेल्या दुरुस्त्या, पुन्हा वाचावं लागल्याचा रकाना, आणि सगळ्यात शेवटचा: दुरुस्त न झालेल्या चुका. तो सगळ्यांचा शून्य आहे.

वाढीव दोषांची यादी म्हणजे कारखान्यातून निघाल्यावर खराब झालेल्या आणि राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची यादी. सहा ड्राइव्हवर ती शून्य. अ-९ वर ३. अ-२ वर ४१.

लॉट अ मधले दोन ड्राइव्ह सीगेटचे आहेत. त्यांच्यात फार्म नावाचा आणखी एक लॉग असतो, स्मार्टमॉनटूल्सच्या (स्मार्टसीटीएल ज्या संचात येतो त्याच्या) ७.४ आवृत्तीपासून तो वाचता येतो. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेले ड्राइव्ह मीटर शून्य करून नवे म्हणून विकले गेल्याचं याच लॉगमुळे उघड झालं होतं, कारण तिथले तास शून्य झालेले नव्हते. आपल्या दोन्ही ड्राइव्हमध्ये इथले तास आणि तिथले तास जुळतात.

संध्याकाळी फॉरमॅट सुरू केलं. एसजी-फॉरमॅटला (ड्राइव्ह नव्याने आखणाऱ्या प्रोग्रॅमला) सेक्टरचा आकार ५१२ सांगितला आणि संरक्षण माहिती बंद ठेवायला सांगितलं, नाहीतर काही ड्राइव्ह त्या आठ बाइटांची दुसरी सोय चालू ठेवतात आणि पुढे तीच अडचण येते. सर्व्हर यूपीएसवर आहे हे आधी पाहून घेतलं. मध्येच पॉवर गेली तर ड्राइव्ह अर्धवट आखलेला राहतो, काहीही वाचू-लिहू देत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून फॉरमॅट करण्याशिवाय मार्ग नसतो.

१२ नोव्हेंबर

सात ड्राइव्ह रात्रीत पूर्ण झाले, साधारण तेरा-तेरा तास लागले. आता ८ टीबी व्यवस्थित दिसतात. अ-७ दोन तृतीयांशावर थांबला आणि हार्डवेअर एरर देऊन मोकळा झाला. पुन्हा लावला, त्याच टप्प्यावर थांबला. बाजूला काढला, परत जाईल.

फॉरमॅटनंतर आकडे पुन्हा वाचले. या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची नोंद बहुधा हीच आहे. अ-२ ची वाढीव दोषांची यादी आता शून्य. अ-९ चीही शून्य.

सहकारी बाजूला उभा होता. म्हणाला, "अरे, आता तर सगळेच शून्य झाले की. मग आणखी काय बघायचं?"

एसजी-फॉरमॅट नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर जुनी वाढीव यादी विचारात घेत नाही, पृष्ठभाग नव्याने आखतं आणि यादी रिकामी करून देतं. जुनी यादी सांभाळायची असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. म्हणजे विक्रेत्याने फॉरमॅट करून दिलेल्या ड्राइव्हवर 'दोष शून्य' दिसलं तर त्याचा अर्थ इतकाच, की फॉरमॅटनंतर अजून कोणी तिथे लिहून बघितलेलं नाही. ओल आलेल्या भिंतीला नवा रंग दिल्यासारखं. आपल्या सुदैवाने लॉट अ च्या विक्रेत्याने ५२० चे ड्राइव्ह तसेच पाठवले, म्हणून जुना आकडा हाती लागला.

आणखी एक गोष्ट तपासली: लेखन कॅश (लिहायचा डेटा क्षणभर धरून ठेवणारी मेमरी). स्टोरेज युनिटमधून निघालेल्या ड्राइव्हवर ती बहुधा बंद असते, कारण तिथे कंट्रोलरची स्वतःची बॅटरीवर चालणारी कॅश असते. लॉट अ च्या सगळ्यांवर बंदच होती. एसडीपार्मने (ड्राइव्हच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) चालू केली आणि सेव्ह केली. झेडएफएस (या सर्व्हरवर वापरायची फाइल सिस्टिम) महत्त्वाच्या क्षणी ड्राइव्हला कॅश रिकामी करायला लावतं, त्यामुळे आपल्या वापरात हे सुरक्षित आहे.

१३ नोव्हेंबर

सगळ्यांना लाँग सेल्फ टेस्ट. तेराही पास. अ-२ सुद्धा.

१४ नोव्हेंबर

बॅडब्लॉक्स (खराब जागा शोधणारा प्रोग्रॅम) लावलं, लिहून वाचायच्या पद्धतीने. चार वेगवेगळे पॅटर्न, प्रत्येक पूर्ण ड्राइव्हभर लिहायचा आणि पूर्ण वाचून ताडायचा, म्हणजे आठ फेऱ्या. ड्राइव्ह बाहेरच्या कडेला सेकंदाला २४० एमबीच्या जवळ जातो, आतल्या कडेला त्याच्या निम्म्यावर येतो, सरासरी १८० धरली तर एक फेरी साडेबारा तासांची. एकूण शंभर तास. ब्लॉकचा आकार ४०९६ द्यावा लागतो. मुळातला १०२४ ठेवला तर ८ टीबीचे ब्लॉक ३२ बिटांच्या मोजणीत मावत नाहीत आणि प्रोग्रॅम सुरूच होत नाही. १८ टीबी किंवा मोठ्या ड्राइव्हला ४०९६ सुद्धा पुरत नाही, ८१९२ द्यावा लागतो.

सेल्फ टेस्ट झालेली असताना एवढा खटाटोप का, तर सेल्फ टेस्ट फक्त वाचते. कमकुवत जागा बऱ्याचदा लिहिताना उघडी पडते. शिवाय शंभर तास सतत हेड हलत राहणं, ड्राइव्ह तापणं, शेजारच्या ड्राइव्हची थरथर सोसणं ही सगळी खऱ्या वापराची परीक्षा यातच होते.

दर दोन तासांनी प्रत्येक ड्राइव्हचं तापमान, वाढीव यादी आणि चुकांचा तक्ता फाइलमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट लावून ठेवली.

१५ नोव्हेंबर

पहिली लेखन फेरी संपली. तापमान ३८ ते ४४ अंश, मर्यादा ६० ची आहे.

अ-२: वाढीव दोष १४. अ-९: वाढीव दोष ३. बाकी सगळे शून्य.

१७ नोव्हेंबर

अ-२: १४ चे ३७ झाले, दुपारी ५२. बॅडब्लॉक्सने मात्र एकही चूक नोंदवलेली नाही. ड्राइव्ह खराब जागा स्वतःच राखीव जागेत हलवतोय, वरून बघणाऱ्याला सगळं सुरळीत दिसतंय. अ-९ तिसऱ्या पॅटर्नवर आहे आणि अजून ३ वरच आहे.

या दोन ड्राइव्हमधला फरक मला नीट लिहून ठेवायचा आहे. अ-९ वर तीन जागा पूर्वी खराब होत्या, त्याच परत सापडल्या, त्यापुढे काही नाही. पृष्ठभागावर एखादा ओरखडा असेल, तो तेवढाच आहे. अ-२ वर जुने ४१ तर भरून आलेच, वर नवे येत आहेत. तिथे काहीतरी चालू आहे. एकदाच बघितलं असतं तर '३' आणि '१४' हे दोन्ही आकडे किरकोळ वाटले असते. ड्राइव्ह घ्यायचा की नाही हे आकडा किती आहे यावर कमी आणि तो हलतोय का यावर जास्त ठरतं.

गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त ड्राइव्हचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ते साधे ड्राइव्ह होते, एंटरप्राइझ नव्हे, पण निष्कर्ष इथेही उपयोगी आहे: पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेला ड्राइव्ह पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्यापेक्षा ३९ पट. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे. बंद पडलेल्या ड्राइव्हपैकी निम्म्याहून जास्त ड्राइव्हनी स्मार्टच्या (ड्राइव्ह स्वतःच ठेवतो त्या तब्येतीच्या नोंदींच्या) मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवलेली नव्हती. म्हणजे वाईट आकडा दिसला तर विश्वास ठेवायचा, चांगला दिसला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

१९ नोव्हेंबर

बॅडब्लॉक्स संपलं. बारा ड्राइव्ह जवळपास एकाच वेळी संपले, अ-५ अजून चालूच आहे. चूक एकही नाही, वाढीव दोष शून्य, पण सहाव्या फेरीत आहे. त्याची एक फेरी अठरा तासांच्या पुढे जाते.

अ-२ शेवटी ८८ वर थांबला. परत.

२१ नोव्हेंबर

अ-५ कडे वेळ दिला. स्लॉट बदलून बघितला, संथपणा ड्राइव्हबरोबरच गेला. म्हणजे दोष बॅकप्लेनचा (स्लॉट ज्यावर असतात त्या बोर्डाचा) किंवा केबलचा नाही. चुकांच्या तक्त्यात उशिरा झालेल्या दुरुस्त्यांचा रकाना बाकीच्यांच्या कितीतरी पुढे. ड्राइव्ह प्रत्येक जागा शेवटी वाचतो, पण फिरून फिरून वाचतो. यात अडचण अशी, की कोणतीही टेस्ट त्याला नापास करत नाही. एका संथ ड्राइव्हमुळे सगळा पूल (सगळे ड्राइव्ह मिळून होणारी एक साठवण) संथ होईल आणि रिबिल्डच्या (गेलेल्या ड्राइव्हचा डेटा दुसऱ्यावर पुन्हा भरण्याच्या) वेळी नेमका तोच आधार उरला तर धोक्याचा काळ दीडपट होईल. हाही परत.

सातव्या स्लॉटची गोष्ट उलटी निघाली. तिथल्या ब-३ च्या फाय लॉगमध्ये चुकीचे शब्द आणि सिंक सुटल्याच्या नोंदी वाढत होत्या. हा लॉग ड्राइव्ह आणि कार्ड यांच्यातल्या तारेची अवस्था सांगतो, प्लॅटरची नव्हे. ब-३ दुसरीकडे घातला, नोंदी थांबल्या. सातव्यात ब-१ घातला, त्याच्या वाढू लागल्या. बॅकप्लेनकडे जाणारी केबल काढून नीट बसवली, आकडे थांबले. एका सैल केबलपायी चांगला ड्राइव्ह परत गेला असता. चूक ड्राइव्हबरोबर फिरते की स्लॉटला चिकटून राहते, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

हाती उरले: लॉट अ चे पाच, लॉट ब चे सहा.

२४ नोव्हेंबर

मांडणीवर बराच विचार केला. सरळ मार्ग म्हणजे दहा ड्राइव्हचा रेड-झेड-२, ही झेडएफएसची एक मांडणी. कोणतेही दोन गेले तरी डेटा राहतो आणि वापरायला ६४ टीबी मिळतात. नवे ड्राइव्ह असते तर मी तोच घेतला असता.

पण इथे लॉट अ चे पाचही ड्राइव्ह एकाच युनिटमध्ये, एकाच काळात, एकाच हवेत चाललेले आहेत. त्यांचं म्हातारपण एकदम येऊ शकतं. तिघांनी एका महिन्यात मान टाकली तर रेड-झेड-२ गेला. त्याऐवजी पाच जोड्या केल्या: प्रत्येक जोडीत एक अ, एक ब. अख्खा लॉट अ बंद पडला तरी प्रत्येक जोडीत एक प्रत उरते. रिबिल्डही सोपं: एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर सरळ नक्कल, बाकी आठ जणांना त्रास नाही. वापरायला ४० टीबी मिळतात, २४ च्या डेटाला पुरेसे. निम्मी जागा जाते हे खरं, पण रिफर्बिश्ड घेऊन वाचलेलं इथेच खर्च करणं मला योग्य वाटतं.

एकाच जोडीतले दोघं एकदम गेले तर मात्र ती जोडी आणि तिच्याबरोबर पूल जाईल. म्हणून हा सर्व्हर एकमेव प्रत नाही, मूळ डेटा आणि तिसरी प्रत वेगळ्या जागी आहेत. ते नसतं तर हा प्रकल्प मी सुरूच केला नसता.

ब-६ हॉट स्पेअर (एखादा ड्राइव्ह गेला की आपोआप त्याची जागा घेणारा). बारावा स्लॉट रिकामा ठेवला, नवा ड्राइव्ह जुन्याच्या शेजारी घालून बदलता यावा म्हणून.

२६ नोव्हेंबर

पूल तयार केला. ड्राइव्ह नावाने नाही, डब्ल्यूडब्ल्यूएन नंबरने (प्रत्येक ड्राइव्हचा कायमचा वेगळा नंबर) जोडले, कारण लिनक्स देतं ती एसडीए-एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलतात. प्रत्येक ट्रेवर पुढून वाचता येईल अशी पट्टी: आपला नंबर आणि सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे. रात्री घाईत ड्राइव्ह काढायची वेळ येते तेव्हा चुकीचा ड्राइव्ह ओढला जाणं हे ड्राइव्ह बिघडण्याइतकंच घातक आहे.

पूल सुरुवातीपासूनच एन्क्रिप्टेड ठेवला. ओपनझेडएफएसमध्ये (झेडएफएसची खुली आवृत्ती) ही सोय २०१९ च्या ०.८ आवृत्तीपासून आहे. कारण अगदी व्यवहारी: चालू ड्राइव्ह पुसता येतो, मेलेला पुसता येत नाही. हे ड्राइव्ह आज ना उद्या मरणार आहेत. हमीत परत पाठवायचे असतील तर आतला डेटा किल्लीशिवाय निरुपयोगी असला पाहिजे. डेटा नष्ट करण्याच्या एनआयएसटीच्या (अमेरिकेच्या मानक संस्थेच्या) ८००-८८ या मार्गदर्शक पत्रिकेतही किल्ली नष्ट करणं हा मान्य मार्ग आहे, पण त्यासाठी सुरुवात एन्क्रिप्शनने झालेली हवी. किल्लीची प्रत सर्व्हरच्या बाहेर दोन ठिकाणी ठेवली.

सुरू होताना साडेतीन इंची ड्राइव्ह १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढतो. अकरा एकदम सुरू झाले तर बावीस अँपिअर. बायोसमध्ये ड्राइव्ह टप्प्याटप्प्याने फिरवण्याची सोय चालू केली.

१ डिसेंबर

पहिला पूर्ण बॅकअप भरून झाला.

९ डिसेंबर

ठरवून ड्राइव्ह ओढला. काम चालू असताना अ-८ बाहेर काढला. मिनिटाच्या आत मेल आला, ब-६ आपोआप त्या जागी आला, नक्कल सुरू झाली. जोडीवर पावणेपाच टीबीच्या आसपास डेटा होता, साधारण नऊ तासांत पूर्ण. त्या काळात जोडीदार ब-४ चं तापमान चार अंशांनी चढलं, चुका शून्य. मग अ-८ परत घातला. झेडएफएसला तो आपलाच म्हणून ओळखू आला, मधल्या वेळात बदललेला भागच भरला आणि काही मिनिटांत जोडी पूर्ववत झाली. ब-६ पुन्हा स्पेअरमध्ये.

दोन फाइल आणि एक पूर्ण फोल्डर मुद्दाम या बॅकअपमधून परत काढून मूळ प्रतीशी ताडले. जुळले.

१२ डिसेंबर

विक्रेत्याने परत गेलेल्या चारही ड्राइव्हच्या बदल्यात चार पाठवले, अ-१० ते अ-१३. आमच्या नोंदी सोबत जोडल्या होत्या, त्यामुळे वाद झाला नाही. 'ड्राइव्ह खराब आहे' एवढंच लिहिण्यापेक्षा दर दोन तासांचा तक्ता पाठवला की बोलणं लवकर आटपतं. हे मात्र ५१२ चे, आधीच फॉरमॅट केलेले आले, त्यामुळे जुनी यादी मिळाली नाही. म्हणून शंभर तासांची फेरी त्यांना जास्तच गरजेची होती. काल संपली, चारही स्वच्छ. अ-१३ चे चालू तास ६१,००० आहेत, म्हणजे सात वर्षांच्या जवळ. त्याला शेवटची पसंती अशी खूण केली. चौघंही लेबल लावून कपाटात, वर्षातून दोनदा फिरवून लाँग टेस्ट द्यायची.

२२ डिसेंबर

पहिलं स्क्रब. सगळा डेटा वाचून चेकसम ताडला, दुरुस्ती शून्य, चूक शून्य. अ-९ अजूनही ३ वर.

पुढची घडी अशी बसवली: स्क्रब दर महिन्याला, शॉर्ट टेस्ट दर आठवड्याला, लाँग टेस्ट महिन्याआड, आणि प्रत्येक ड्राइव्हचे आकडे रोज एका फाइलमध्ये. मेल येण्याची अट कोणत्याही ठरावीक आकड्यावर ठेवलेली नाही. वाढीव यादी किंवा दुरुस्त न झालेल्या चुकांचा रकाना कालच्यापेक्षा एकाने जरी पुढे गेला तरी मेल येतो. अ-९ चौथ्यावर गेला त्या दिवशी त्याच्या जागी अ-१० जाईल.